जनकाबाईचा उजवा पाय

जनकाबाई पायाळू होती, म्हणजे आईच्या पोटातून डोक्याऐवजी पायांनी बाहेर आलेली. यात तिचं स्वतःचं काही कर्तृत्व नव्हतं, आणि तिच्या आईला तर त्या बाळंतपणाची नुसती आठवण झाली तरी घाम फुटायचा. पण गावाला पायाळू माणूस म्हणजे हक्काचा दवाखाना. कुणाची उसण भरली, पाठीत नाहीतर कमरेत एकाएकी कळ धरून बसली, की पायाळूला बोलावणं जायचं. तिचा पाय दुखऱ्या जागी लागला की उसण उतरते, अशी समजूत. ती खरी की खोटी, याच्या वाटेला कुणी जात नसे.

लहानपणी या पायाळूपणाचा तिला वीटच आला होता. ढग गडगडले की बाकीची पोरं अंगणात नाचायची आणि हिला घरात कोंडायचे, कारण वीज म्हणे पायाळूला शोधत येते. कुणाला विहीर खणायची असली की हिला शेतभर अनवाणी फिरवायचे. एका ठिकाणी पाणी लागलं, तेव्हा देव पावला म्हणून दहा गावांत नाव झालं. दोन ठिकाणी नुसता मुरूम लागला, तेव्हा पोरीचा पाय वाईट ठरला. लोकांचं असंच असतं. चांगलं झालं तर देवाचं देणं, आणि वाईट झालं तर मात्र तुमचा पाय.

लग्न होऊन ती संग्रामपूरच्या अलीकडच्या एका गावात आली. नवरा पुंजाजी, आठ एकर कोरडवाहू, स्वभावानं गरीब. सून पायाळू आहे म्हटल्यावर सासूची छाती फुगली आणि आठवड्याच्या आत पहिला उसणवाला दारात येऊन उभा राहिला. तेव्हापासून वीस-बावीस वर्षं तो रिवाज चालू होता. माणसाला उंबऱ्यात पालथं झोपवायचं, उजव्या पायाची टाच दुखऱ्या जागेवर तीनदा टेकवायची आणि तेवढ्या वेळात कुणी तोंडातून शब्द काढायचा नाही. त्याबद्दल कुणाकडून सुपारीसुद्धा घ्यायची नाही. जनकाबाई काही खुळी नव्हती. दहातल्या आठ जणांची उसण तीन दिवसांत आपोआप जाते, हे तिला कधीच कळून चुकलं होतं. पण कण्हत आलेला माणूस हसत उठायचा आणि ते तिला आवडायचं. आवडू नये असं त्यात काय होतं?

तिची सगळ्यांत जवळची मैत्रीण विमलबाई. दोघी एकाच वर्षी सुना होऊन या गावात आल्या. विमलबाई भगवानरावांच्या घरात पडली. सत्तर एकर जमीन, बसायला घरची दमणी गाडी, दारात चार बैल. पण तिच्या वागण्यात ती मोठ्या घरची ऐट कधी दिसली नाही. जनकाबाईच्या चुलीपुढं बसून ती भाकरी खायची आणि तिची एकुलती एक लेक कोकिळा अर्धीअधिक जनकाबाईच्या मांडीवरच वाढली.

महाराष्ट्र होऊन सात वर्षं झाली होती. त्या उन्हाळ्यात भगवानराव बायकोला घेऊन मुंबईला गेले आणि दोन महिन्यांनी परत आले. गावात सांगितलं, पिशवीचं ऑपरेशन झालं. बायांना तेवढं पुरतं. पिशवीचं म्हटलं की कुणी पुढं विचारत नाही. विमलबाई वाळली होती. डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता, आणि अंगावरचा पदर ती मरणाच्या उकाड्यातही ढळू देत नव्हती. जनकाबाईनं हे सगळं पाहिलं. पिशवीच्या ऑपरेशनचा आणि हाताचा काय संबंध, हेही तिच्या मनात आलं. मनात आलं, तोंडात आलं नाही. आपण होऊन सांगेल तेव्हा सांगेल, असा तिनं विचार केला. तो विचार चांगल्या मनाचाच होता, पण पुढं त्याच विचाराचा तिला सगळ्यांत जास्त राग आला.

दिवाळीनंतर कापूस वेचणीच्या दिवसांत विमलबाईची पाठ धरली. कापसाची गाठोडी उचलली होती, त्यामुळे उसणच भरली असणार हे सगळ्यांनी ठरवून टाकलं. भगवानराव तिला खामगावच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या, आराम करा म्हणाले. आठ दिवस बरं वाटलं. मग दुखणं दुपटीनं परत आलं, आणि तेही नेमकं अवघड वेळी. कोकिळेचं लग्न जुळलं होतं. मुलगा बुलढाण्याला कचेरीत कारकून, घर चांगलं, माणसं मात्र फार चिकित्सक. मार्गशीर्षात साखरपुडा ठरला. पाहुण्यांसमोर मुलीची आई कमरेत वाकून चालणार म्हणजे काय, या काळजीनं भगवानराव स्वतः जनकाबाईच्या दारात आले.

"वहिनी, तिची उसण उतरवा," ते म्हणाले. "डाक्टरच्या गोळ्यानं काही होऊन नाही राह्यलं."

जनकाबाई लागलीच गेली. पहिल्या दिवशी टाच टेकवली, दुसऱ्या दिवशीही टेकवली, पण उतार पडला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी विमलबाई उंबऱ्यात पालथी झोपताना तिच्या चोळीच्या डाव्या अंगातून कापडाची एक घट्ट गुंडाळी अर्धी बाहेर आली. तिनं ती घाईघाईनं आत सारली. जनकाबाईनं पाहून न पाहिल्यासारखं केलं.

"बाई, नुसतं टेकवून काही होत नाही," विमलबाई जमिनीकडे तोंड करून बोलली. "उभी राह्य माह्या पाठीवर. पुरा भार टाक."

"पुरा भार कोणी टाकत नाही वं. असं नाही करत."

"चार दिवसावर साखरपुडा आला. मले पाटावर बसा लागते, इहिणीले ओवाळा लागते. मी अशी मोडक्यावानी दिसली तं थे लोकं काय म्हणतीन? तुह्या पाया पडतो, उभी राह्य."

भगवानराव ओसरीवर बसले होते. सगळं ऐकत होते. त्यांनी एकदा तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. जनकाबाईला वाटलं, पाय लावायची वेळ आहे, बोलू नये म्हणून गप्प राहिले असतील. तिनं डाव्या हातानं चौकट धरली, उजवा पाय मैत्रिणीच्या पाठीवर ठेवला आणि अंगाचा भार त्यावर सोडला.

कापसाची वाळलेली पऱ्हाटी मोडावी तसा आवाज झाला. मोठा नव्हता, पण जनकाबाईला तो कानांनी नाही, टाचेतून ऐकू आला. विमलबाई एकदाच कण्हली. तिला उताणी केली तेव्हा ती म्हणाली, "माह्ये पाय कोठी गेले?" पाय जागच्या जागी होते. तिला ते जाणवत नव्हते.

दमणीत गादी टाकून तिला सडकेपर्यंत नेलं, पुढं मोटारीनं खामगावला. गावात संध्याकाळपर्यंत एकच बोलणं झालं: जनकाबाईनं विमलबाईचं कंबरडं मोडलं. भगवानरावांना जो कुणी विचारी त्याला ते खाली मान घालून सांगत, "वहिनीचा पाय जोरात पडला." साखरपुडा मात्र ठरल्या दिवशी झाला. पाय घसरून आईला लागलं, दवाखान्यात आहे, असं पाहुण्यांना सांगितलं. पाय कुणाचा घसरला, ते सोयीनं मोघम ठेवलं होतं.

जनकाबाई चार दिवस जेवली नाही. पुंजाजी समजावून थकला. पाचव्या दिवशी ती उठली, लुगडं नेसली आणि म्हणाली, "मले खामगावले ने. मले डाक्टरले एकच गोष्ट इचारा लागते."

खामगावचे डॉक्टर तसे वाईट नव्हते. सकाळपासून सरकी-कापसाच्या धुळीनं खोकणारी माणसं तपासून ते कावले होते. जनकाबाई टेबलापुढं उभी राहिली आणि बसा म्हटलं तरी बसली नाही.

"डाक्टरसाहेब, तिचं हाड माह्या पायानं मोडलं काय?"

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. खोटं बोलावं की खरं, हे ठरवायला त्यांना थोडा वेळ लागला. मग त्यांनी एक काळा फोटो काढून खिडकीच्या उजेडात धरला. मणक्यांची माळ दिसत होती. त्यातला एक मणका चेपून पाचरीसारखा झालेला होता, आणि वरचे-खालचे दोन वाळवी लागलेल्या लाकडासारखे ठिकठिकाणी पोकळ.

"तुमचा पाय निमित्त झाला," ते म्हणाले. "हाड आधीच पोखरलेलं होतं. शिंक आली असती तरी मोडलं असतं."

"कशानं पोखरलं?"

"तिला छातीत कॅन्सरची गाठ होती. मुंबईला छाती काढली. रोग दबावा म्हणून अंडाशयंही काढली. पाळी गेली की बाईची हाडं कच्ची होतात, आणि वर हा रोग हाडात जाऊन बसतो."

 चोळीतली कापडाची गुंडाळी जनकाबाईला आता कळली. "तुमाले हे माहीत होतं?"

"मुंबईहून पत्र आलं होतं. पाठ दुखली तर ताबडतोब फोटो काढा, ओझं उचलू देऊ नका, पाठ चोळू-दाबू देऊ नका, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं."

"मंग थे दिवाळीनंतर आली तवा फोटो काऊन नाही काढला?"

 डॉक्टरांनी टेबलाचा खण उघडून उगाच बंद केला. "गाठोडं उचललं म्हणाली. बाहेर चाळीस माणसं बसली होती. पत्र मी त्या दिवशी काढून पाहिलं नाही."

हे त्यांनी कबूल केलं, एवढं त्यांचं मोठेपण. जनकाबाईला त्या मोठेपणाचा काही उपयोग नव्हता.

"आन् तिले? तिले कोणी सांगतलं, का पाठ दुखली तं जप म्हून?"

"तिच्या नवऱ्याला सांगितलं होतं. मुंबईवाल्यांनी सांगितलं, मीही एकदा सांगितलं."

"पाठ नवऱ्याची दुखत होती काय?" जनकाबाई म्हणाली.

डॉक्टर चिडले. "बाई, अशा गोष्टी रोग्याला सांगत नाहीत. घाबरून चार दिवस आधी मरतात. आणि हाडं-बिडं सांगून तुम्हा लोकांना काय समजणार?"

"एवढं समजलं असतं, का पाठीवर पाय देऊ नये. एवढ्याले शाळा नाही लागत." असं म्हणून ती बाहेर आली. इतकं ती आयुष्यात कुठल्याच शिकल्या-सवरल्या माणसाला बोलली नव्हती. बोलूनही तिचा जीव हलका झाला नाही.

बाहेर बाकावर भगवानराव बसले होते. तिचं तोंड पाहूनच त्यांना कळलं.

"तुमाले ठाऊक होतं," जनकाबाई त्यांच्यापुढं उभी राहून बोलली. "ठाऊक असून तुमी मले बोलावाले आले. ओसरीवर बसून पाह्यत राह्यले."

"मले वाटलं उसणच असन, वहिनी. देवाशपथ. दरवेळी तोच रोग असन असं कोणाले वाटते? मी सोताले तेच सांगत होतो." ते बाकावरून अर्धे उठले. "आन् पुन्हा फोटोले नेलं असतं तं गावात गवगवा झाला असता. बुलढाण्यापावतो बातमी गेली असती. रगतातला रोग आहे म्हणतीन, पोरीले नाही करत म्हणतीन."

"आन् आता गाव मले काय म्हणून राह्यलं, थे ऐकता ना तुमी?"

"वैशाखात लग्न होऊ द्या. मंग मी सोता चावडीवर उभा राहून सांगतो, का वहिनीचा काही कसूर नाही. कोकिळा तुमच्याच मांडीवर वाढली. तिच्यासाठी तेवढे दिवस सोसा."

जनकाबाईला त्या माणसाची किळस आली आणि कीवही आली. पण तिनं मनात ठरवलं होतं. गावाला काय वाटायचं ते वाटो, विमलला ती आज खरं सांगणार होती. ज्या बाईचं हाड आहे, तिलाच कुणी सांगू नये, याला काय म्हणावं? ही काय गुराढोरांची गोष्ट आहे, की खरेदी-विक्री धन्याशी बोलून व्हावी? असं तणतणत ती आत गेली.

विमलबाई फळीवर उताणी होती. कमरेखाली पांघरूण सपाट पडलं होतं. तिनं जनकाबाईला पाहिलं आणि हात पुढं केला. जनकाबाई खाटेशी बसली.

"बाई, तू मले खोटं नाही सांगणार," विमलबाई हळू आवाजात बोलली. "हे लोकं माह्या तोंडाकडं पाह्यत नाही. डाक्टर येते, ह्याईच्याशी बोलते आन् जाते. मले मुंबईले गाठ झाली होती, माह्यी छाती काढली. तुले नाही सांगतलं, लाज वाटली. साधी गाठ होती म्हणे हे. पण मी इथं पडून इचार करतो, का थे गाठच माह्या हाडात तं नाही उतरली? तू सांग. तुह्या पायानं मोडलं, का आंधीच गेलं होतं?"

सगळं जिभेच्या टोकावर आलेलं होतं. तेवढं सांगायलाच ती आत आली होती. पण समोरची बाई उत्तराची वाट पाहत होती ती कशी? तिनं जनकाबाईचा हात असा आवळून धरला होता, की ती खरं विचारत नव्हती, वाचव म्हणत होती. जनकाबाईला ते दिसलं, आणि तिचा धीर सुटला.

"माह्याच पायानं मोडलं," ती म्हणाली. "तोल गेला. जोर जास्त झाला."

विमलबाईनं मोठा श्वास सोडला. कितीतरी दिवसांनी तिच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. "मंग जुळंन," ती म्हणाली. "मोडलेलं हाड जुळते. वैशाखापावतो मी उभी राह्यतो." आणि थोड्या वेळानं, हात सोडवून घेत, "तू मातर आता येऊ नोको, बाई. तुले पाह्यलं का मले तो आवाज ऐकू येते."

डॉक्टरवर आणि भगवानरावांवर ज्या गोष्टीसाठी ती एवढी भडकली होती, तीच गोष्ट तिनं स्वतः केली, आणि त्यांच्यापेक्षा जास्त सफाईनं केली. हे तिला दवाखान्याची पायरी उतरतानाच कळलं. पण परत फिरायची छाती झाली नाही.

विमलबाई माघात गेली. मरणानंतर वर्षाच्या आत उरकायचं म्हणून कोकिळेचं लग्न वैशाखातच झालं. जनकाबाईला अक्षत आली नाही. भगवानराव चावडीवर उभे राहिले नाहीत, त्या वर्षी नाही आणि नंतरही नाही. तिनंही त्यांना आठवण दिली नाही. उसणवाले येत नव्हतेच. चुकून परगावचा कुणी आलाच, तर ती पाय न लावता त्याला विचारायची, गाठ झाली होती का, ऑपरेशन झालं होतं का, पाठीचा फोटो काढला का. बाईचं डोकं फिरलं, असं म्हणून लोक उठून जायचे. जायचे तर जायचे.

हे सगळं तिनं सोसलं असतं. पण तीन वर्षांनी कोकिळेला मुलगी झाल्याचं ऐकलं आणि तिला स्वस्थ बसवेना. डॉक्टर म्हणाले नव्हते, पण तिनं खामगावच्या एका नर्सबाईला विचारून घेतलं होतं: आईला असली गाठ झाली असली, तर लेकीनं स्वतःला जपावं, हात लावून पाहावं, गाठ लागली तर लपवू नये. हे त्या पोरीला सांगणार कोण? बाप तर सांगणार नव्हता. जनकाबाई एकटी एस.टी.त बसून घाट चढून बुलढाण्याला गेली.

कोकिळेनं दार उघडलं. कडेवर मूल होतं. आत या म्हणाली नाही. पाठीमागं तिची सासू येऊन उभी राहिली, तिला कोकिळा म्हणाली, "ह्याच त्या."

जनकाबाईनं दारातच, सासूला ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात, सगळं सांगितलं. गाठ, मुंबई, काढलेली छाती, पोखरलेला मणका, डॉक्टरचं पत्र. "मले काही नोको, बेटा. तू फक्त सोताले पाह्यत जाय. काही लागलं तं लपवू नोको."

 जिनं कधीकाळी जनकाबाईच्या पदराला नाक पुसलं होतं, त्या कोकिळेच्या डोळ्यांत ओळखीचं काहीच नव्हतं.

"आईचं पिशवीचं ऑपरेशन झालं होतं," ती म्हणाली. "तिची पाठ तुमी मोडली. मरायच्या आधी दोन दिवस मी तिच्याजवळ होतो. तिनं मले सांगतलं, का जनकाबाईनं आपल्या तोंडानं कबूल केलं. मंग तवा खोटं बोलल्या तुमी, का आता बोलून राह्यल्या?"

जनकाबाई उंबऱ्याबाहेर उभी होती. दोन्ही उत्तरांनी ती खोटारडीच ठरत होती, आणि कोकिळेनं दार लावून घेतलं.